कप्तान, उमरावकन्या आणि लुटीचा हिशेब

या जातीच्या कादंबऱ्यांचा साचा सांगायला फार वेळ लागत नाही. तटबंदीच्या आत वाढलेली उमराव घराण्यातली मुलगी, वडीलधाऱ्यांनी परस्पर ठरवलेलं लग्न, मग एक जहाज आणि त्यावरचा उन्हाने रापलेला, कुळाचा धड पत्ता नसलेला कप्तान. पहिल्या शंभर पानांत दोघं एकमेकांचा राग राग करतात, पुढच्या दोनशे पानांत तो राग ओसरतो. मुंबईत फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर जुनी पुस्तकं चाळणाऱ्यांना ही मुखपृष्ठं पाठ असतील: मागे फुगलेलं शीड, पुढे वाऱ्यावर उडणारा झगा आणि सदऱ्याची बटणं लावायची राहून गेलेला नायक.

अशा पुस्तकांना नाकं मुरडणं सोपं आहे. पण हे जोडपं साहित्यात आलं कुठून, आणि खऱ्या समुद्रावर अशा दोन माणसांची गाठ पडली तेव्हा काय झालं, हा प्रश्न नाकं मुरडण्याच्या पलीकडचा आहे. या प्रश्नाचा बराचसा कागद आपल्याच किनाऱ्यावर, गोवा, कुलाबा आणि सुरतेच्या वाटेवर सापडतो. तो वाचला की एक गोष्ट ठळक दिसते. कप्तान आणि खानदानी स्त्री यांच्यामध्ये नेहमी एक हिशेबाची वही असते: माल कुणाचा, लूट कुणाची, खंडणी किती. बहुतेक प्रेमकथा ती वही दडवून लिहिल्या गेल्या. फार थोड्यांनी ती उघडी ठेवली, आणि माझ्या मते चांगल्या ठरल्या त्या तेवढ्याच.

सगळ्यात धडधडीत दडवादडवी हेन्री एव्हरीच्या बाबतीत झाली. १६९४ साली स्पेनच्या ला कोरुन्या बंदरात एका इंग्रज जहाजावर बंड झालं, एव्हरी त्याचा म्होरक्या झाला, आणि ‘फॅन्सी’ असं नवं नाव घेऊन ते जहाज हिंदी महासागरात उतरलं. सप्टेंबर १६९५मध्ये त्याने हजच्या यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे अवाढव्य जहाज गाठलं. लढाईत मोगलांची एक तोफ फुटली, माणसं गोंधळली आणि चाचे वर चढले. मोगल इतिहासकार खाफीखानाने या प्रसंगावर लिहिताना जहाजाच्या कप्तानाची अब्रू पार धुऊन काढली आहे. त्याच्या सांगण्याप्रमाणे हा गृहस्थ जहाजाच्या तळात पळाला आणि मक्केहून आणलेल्या तुर्की मुलींच्या डोक्यांवर पागोटी चढवून त्यांनाच लढायला पाठवू लागला. पुढे कित्येक दिवस लूट चालली. स्त्रियांवर अत्याचार झाले, काहींनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी खंजीर जवळ केले. इंग्रजांच्या स्वतःच्या पत्रव्यवहारातही हे झाकलेलं नाही. बादशहाच्या नात्यातली एक स्त्री जहाजावर होती असं त्यात येतं, पण ती यात्रेहून परतणारी वृद्ध बाई होती.

याची किंमत सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांनी कैदेत बसून मोजली. लुटीचा आकडा ईस्ट इंडिया कंपनीने सव्वातीन लाख पौंड धरला आणि मोगलांनी सहा लाख. एव्हरीचे सहा साथीदार १६९६मध्ये लंडनच्या न्यायालयात उभे राहिले. पहिल्या खटल्यात ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं. तेव्हा घाईघाईने दुसरा खटला उभा करून त्यांना दोषी ठरवण्यात आलं, आणि पाच जणांना फाशी झाली. एव्हरी मात्र हाती लागला नाही तो नाहीच.

आता लंडनमध्ये काय झालं ते पाहा. १७०९ साली एव्हरीचं ‘चरित्र’ छापून आलं. त्यात तो जहाजावर सापडलेल्या मोगल राजकन्येच्या प्रेमात पडतो, तिच्याशी रीतसर लग्न लावतो आणि मादागास्करला राज्य थाटतो. १७१२ साली ड्रुरी लेनच्या रंगभूमीवर ‘द सक्सेसफुल पायरेट’ हे नाटक आलं, त्यात औरंगजेबाची नात हे पात्रच आहे. यात्रेहून परतणाऱ्या म्हातारीची तरुण राजकन्या झाली, बलात्काराचं लग्न झालं आणि लुटीचा हुंडा झाला. या सगळ्याला सुमारे सतरा वर्षं लागली. १७२४ साली निघालेल्या चाच्यांच्या प्रसिद्ध इतिहासाने एव्हरी डेव्हनमध्ये शवपेटीलाही पैसे नसताना मेला असं सांगितलं. पण लोकांना राज्य थाटणारा एव्हरी आवडला होता. इंग्रजी साहित्यात कप्तान-राजकन्येच्या कथेचा पाया घालणाऱ्या काही पहिल्या दगडांपैकी हा एक आहे, आणि तो सुरतेच्या वाटेवरचा आहे.

त्याच्या दीडशे वर्षं आधीची गोव्याची एक हकिकत आहे. तिच्यात प्रेम बहुधा खरं होतं, म्हणूनच ती जास्त बोचते. गार्सिया द सा १५४८ आणि १५४९मध्ये पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर होता. त्याची मुलगी दोना लिओनोर. तिची आई कातारिना साध्या कुळातली. जुन्या गोव्यात रोझरीच्या चर्चमध्ये तिचं थडगं आहे, त्यावरचं कोरीव काम गुजराती धाटणीचं आहे. लिओनोरचं लग्न दीवचा कप्तान लुईस फाल्काँव याच्याशी ठरल्याचं बोललं जात होतं. तिचा ओढा मात्र मॅन्युएल द सोझा सेपुल्व्हेदा या दुसऱ्या कप्तानाकडे. १५४८मध्ये फाल्काँवला दीवमध्ये त्याच्या घरात रात्री गोळी घालून कुणीतरी ठार केलं. मारेकरी सापडला नाही. सेपुल्व्हेदाचं लिओनोरशी लग्न झालं, आणि लोकांनी काय बोलायचं ते बोलून घेतलं.

फेब्रुवारी १५५२मध्ये ‘साँव जाँव’ हे जहाज सेपुल्व्हेदाच्या हाताखाली कोचीनहून लिस्बनला निघालं, तेव्हा लिओनोर, तिची दोन लहान मुलं, पोर्तुगीज प्रवासी आणि शेकडो गुलाम त्यावर होते. निघायला आधीच उशीर झाला होता. महिनाभर आधी सुटायला हवं होतं, पण मिरी पुरेशी गोळा होईना म्हणून जहाज थांबलं. शिडं जुनी, फाटकी आणि दुसरा जोड नाही. आफ्रिकेच्या टोकापाशी वारा अंगावर आला तेव्हा शिडं शिवत बसण्यात मोलाचा वेळ गेला. जूनमध्ये नातालच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं.

वाचलेले सुमारे पाचशे लोक आजच्या मापुतोच्या दिशेने महिनोन्‌महिने पायी चालले. वाटेत कप्तानाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. स्थानिक राजाच्या सांगण्यावरून त्याने बंदुका सोडून दिल्या, आणि त्यानंतर सगळ्यांचे कपडेसुद्धा हिसकावून घेतले गेले. लिओनोरने अंगावरचं शेवटचं वस्त्र जाताना झटापट केली. मग तिने मोकळ्या केसांनी अंग झाकलं, वाळूत खड्डा करून कंबरेपर्यंत स्वतःला पुरून घेतलं आणि तिथून ती उठली नाही. सेपुल्व्हेदा फळं शोधून परतला तेव्हा एक मूल मेलेलं होतं. त्याने ते पुरलं. दुसऱ्या दिवशी परतला तर लिओनोर आणि दुसरं मूल गेलेलं. तो बराच वेळ तोंडावर हात ठेवून बसून राहिला, दासींच्या मदतीने त्याने खड्डा केला, दोघांना मूठमाती दिली आणि रानात निघून गेला.

हे जगाला कळलं ते लिओनोरच्या शेवटच्या घटकेला जवळ असलेल्या दासींपैकी ज्या तीन जिवंत परतल्या त्यांच्यामुळे. छापील हकिकत थोड्याच वर्षांत निघाली. पोर्तुगीज कवी कामोइंशने १५७२च्या महाकाव्यात आदामास्तोर राक्षसाच्या तोंडी या मरणाचं भाकीत घातलं, आणि १५९४मध्ये कोर्ते-रेआलचं अख्खं काव्य याच विषयावर आलं. काव्यांत अर्थात केस, वाळू आणि नवऱ्याचं दुःख आहे. मूळ गद्य हकिकतीत मात्र मिरी, फाटकी शिडं आणि लांबलेली तारीख अगोदर येतात. लिओनोरला समुद्राने मारलं म्हणण्यापेक्षा उशिरा भरलेल्या मालाने मारलं म्हणणं जास्त खरं आहे. त्या काळी लिस्बनहून गोव्याला पाठवल्या जाणाऱ्या कुलीन अनाथ मुलींचीही गत फार वेगळी नव्हती. राजा त्यांना हुंडा म्हणून सरकारी हुद्दा देई. जो लग्न करील त्याला तो हुद्दा. मुलगी, जहाज आणि नोकरी असा तिन्हींचा मिळून एक सौदा.

तिसरं प्रकरण अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचं. कॅथरिन कुक ही उमरावकन्या नव्हे, कंपनीच्या नोकरीसाठी बंगालला निघालेल्या एका कॅप्टनची मुलगी. १७०९मध्ये त्यांचं जहाज कारवारला थांबलं, तेव्हा ती तेरा-चौदा वर्षांची होती. कारवारच्या वखारीचा मुख्य हार्वे वयस्क आणि शरीराने व्यंग असलेला, पण पैसेवाला. आईबापांनी तिथल्या तिथे लग्न लावून दिलं आणि जहाज पुढे गेलं. हार्वे वारल्यावर दोन महिन्यांत तिने चाउन नावाच्या तरुण कारकुनाशी लग्न केलं. हार्वेच्या मालमत्तेवरचा हक्क सांगायला दोघं नोव्हेंबर १७१२मध्ये मुंबईकडे निघाली. वाटेत कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराने त्यांना गाठलं. चाउनचा हात तोफेच्या गोळ्याने उडाला आणि तो तिच्या मिठीत मेला. ती गरोदर होती. तिला कुलाब्याला नेण्यात आलं. ३०,००० रुपये खंडणी भरून फेब्रुवारी १७१३मध्ये तिची सुटका झाली, तेव्हा तिचं वय जेमतेम सतरा होतं.

कान्होजीला इंग्रजांनी चाचा म्हटलं, पण तो मराठ्यांचा सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होता. त्याच्या दस्तकाशिवाय किनाऱ्यावर फिरणारं गलबत पकडणं हा त्याच्या लेखी कारभाराचा भाग होता, आणि खंडणी त्या कारभारातली जमेची बाजू. पुढे कॅथरिनचं तिसरं लग्न झालं. तो नवराही १७२१मध्ये मलबार किनाऱ्यावरच्या अंजेंगोच्या कत्तलीत मारला गेला, आणि कंपनी त्याच्या हिशेबांतल्या येण्यासाठी विधवेच्या मागे लागली. तेव्हा कमोडोर मॅथ्यूज या आरमारी अधिकाऱ्याने तिला आपल्या जहाजावर आसरा दिला. मुंबई-मद्रासच्या गोऱ्या समाजात त्यावरून कुजबुज झाली ती झालीच. सारा काळ हिशेब करता या बाईच्या आयुष्यात कप्तानाचं जहाज खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं ते एकदाच, आणि तेही वसुली करणाऱ्यांपासून पळायला. तिची हकिकत बिडल्फच्या १९०७च्या पुस्तकात सविस्तर आहे.

मग इंग्रजीतली चांगली कादंबरी या विषयाकडे वळली तेव्हा तिने काय केलं? जेन ऑस्टेनचे दोन भाऊ आरमारात होते आणि दोघेही पुढे अ‍ॅडमिरल झाले, त्यामुळे वही कशी असते हे तिला घरात बसून ठाऊक होतं. डिसेंबर १८१७मध्ये, तिच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांनी, ‘पर्स्वेजन’ प्रसिद्ध झाली. सर वॉल्टर एलियट हा बॅरोनेट. काटेकोरपणे पाहता बॅरोनेट म्हणजे उमराव नव्हे, पण हे सर वॉल्टरला सांगणार कोण? त्याची मधली मुलगी अ‍ॅन एकोणीस वर्षांची असताना वेंटवर्थ नावाच्या कफल्लक आरमारी अधिकाऱ्याला होकार देते आणि घरच्यांच्या दबावाने तो मागे घेते. आठ वर्षांनी तो परततो तेव्हा त्याच्याकडे २५,००० पौंड आहेत, आणि बॅरोनेट कर्जात बुडून स्वतःचा वाडा एका अ‍ॅडमिरलला भाड्याने देतो आहे.

हे पैसे आले कुठून? लुटीतून, पण कायदेशीर. शत्रूचं जहाज पकडलं की त्याची किंमत ठरे आणि तिचे आठ भाग होत. १८०८ पर्यंतच्या नियमाप्रमाणे तीन भाग कप्तानाचे, त्यातला एक त्याच्या वरच्या अ‍ॅडमिरलला. सगळ्या सामान्य खलाशांत मिळून दोन. ऑक्टोबर १७९९मध्ये दोन स्पॅनिश खजिना-जहाजं चार इंग्रज फ्रिगेटांनी पकडली, तेव्हा प्रत्येक कप्तानाला ४०,७३० पौंड मिळाले आणि खलाशाला १८२. वडिलांची जहागीर न मिळताही माणूस अशा रीतीने वरच्या वर्गात शिरू शकत होता. इंग्रजी प्रेमकथेला कप्तान एवढा आवडला त्याचं खरं कारण मला इथे दिसतं. जन्माने खालचा आणि मिळकतीने वरचा असा नायक त्या काळी मुख्यतः समुद्रावरच तयार होत असे. ऑस्टेन ही गोष्ट लपवत नाही. वेंटवर्थ आपल्या पहिल्या जहाजाच्या लुटीबद्दल जेवणाच्या टेबलावर खुशाल बोलतो, आणि अ‍ॅन ते ऐकते.

त्याच कादंबरीत मिसेस क्रॉफ्ट आहे, अ‍ॅडमिरलची बायको. पंधरा वर्षांच्या संसारात चार वेळा अटलांटिक ओलांडलेली आणि एकदा आपल्याकडच्या समुद्रांपर्यंत येऊन गेलेली. वेंटवर्थ म्हणतो, बायकांना जहाजावर घेणं मला पसंत नाही. त्यावर ती त्याची चांगली हजेरी घेते. जहाज बाईला बाधत नाही, तिला बाधतो तो किनाऱ्यावर एकटीने काढलेला हिवाळा. कप्तान-उमरावकन्येच्या साऱ्या परंपरेत मला सगळ्यात जास्त पटलेली बाई हीच. ती तरुण नाही, सुंदर असल्याचं कुणी सांगत नाही, आणि तिला कुणी पळवून नेलेलं नाही. जाता जाता: ‘पर्स्वेजन’ निघाली त्याच्या दोन महिने आधी, ऑक्टोबर १८१७मध्ये, मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागाची ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट पाण्यात सोडली. ती आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. वेंटवर्थचं जग डोळ्यांनी पाहायचं असेल तर ते असं मुंबईत बांधलेलं आहे.

ऑस्टेननंतरची वाट फारशी चढाची नाही. ‘पर्स्वेजन’च्या तीनच वर्षं आधी, १८१४मध्ये, बायरनच्या ‘द कोर्सेअर’ने पहिल्या दिवशी दहा हजार प्रती खपवून काळवंडलेल्या चेहऱ्याचा, गुपित बाळगणारा चाचा लोकप्रिय केला होता, आणि पुढची शंभर वर्षं तोच चालला. सबाटिनीचा ‘कॅप्टन ब्लड’ (१९२२) त्याचा नातू. त्यावरच्या १९३५च्या सिनेमात नायिका नायकाला गुलामांच्या लिलावात दहा पौंडांना विकत घेते, तेवढ्यापुरती वही उघडते आणि लगेच तलवारी निघतात. जॉर्जेट हेयरची ‘बोव्हॅले’ (१९२९) एलिझाबेथच्या काळातली, स्पॅनिश सरदारकन्या आणि इंग्रज दर्यावर्दी. मजेदार आहे, खरी मुळीच नाही. फॉरेस्टरच्या हॉर्नब्लोअर कादंबऱ्यांत (१९३७पासून) लेडी बार्बरा वेलस्ली फ्रिगेटवर चढते तेव्हा कप्तानाला सगळ्यात जास्त लाज वाटते ती आपल्या विटलेल्या कपड्यांची. तो डॉक्टरचा मुलगा, पैशाने तंग. फॉरेस्टरला ही लाज कळली होती, म्हणून तो या रांगेत वेगळा उठून दिसतो.

दाफ्ने द्यू मॉरियेच्या ‘फ्रेंचमन्स क्रीक’मध्ये (१९४१) दोना ही लंडनला कंटाळलेली सरदारपत्नी कॉर्नवॉलच्या खाडीत लपलेल्या फ्रेंच चाच्याच्या जहाजावर जाते, पुरुषी कपडे घालून लुटीत भागही घेते, आणि शेवटी मुलांकडे परतते. अनेकांना तो शेवट भित्रा वाटला. मला तो प्रामाणिक वाटतो. घरदार, मुलं आणि नवऱ्याच्या नावावरची मालमत्ता सोडून निघालेल्या सतराव्या शतकातल्या बाईचं पुढे काय होत असे, हे लेखिकेला माहीत होतं.

१९७२मध्ये कॅथलीन वुडिविसची ‘द फ्लेम अँड द फ्लॉवर’ आली आणि अमेरिकेत या प्रकाराचा कारखाना सुरू झाला. नायक जहाजाचा कप्तान, नायिका पोरकी. तो तिला वेश्या समजतो आणि जहाजावर बलात्कार करतो. उरलेली शेकडो पानं त्या बलात्कारावर प्रेमाचं पांघरूण घालण्यात जातात. १७०९च्या पुस्तकाने एव्हरीसाठी जे केलं तेच, फक्त कातडी बांधणीऐवजी कागदी मुखपृष्ठात. पण वाचणाऱ्या बायकांना मूर्ख समजण्याची घाई करू नये. जॅनिस रॅडवे हिने १९८४च्या आपल्या अभ्यासात अशा वाचक बायकांशी बोलून पाहिलं, तेव्हा त्या चोखंदळ निघाल्या. क्रूर नायक त्यांना नको होता, त्यांना हवा होता बायकोची काळजी घेणारा पुरुष. घरकामाच्या धबडग्यातून स्वतःपुरता काढलेला वेळ ही त्या वाचनाची मुख्य कमाई होती.

मराठीत हे जोडपं का नाही, हा प्रश्न साहजिक येतो. समुद्र ओलांडण्याचा निषेध हे झटकन सुचणारं उत्तर आहे, पण ते अर्धवट. कोळी, भंडारी, दालदी, खारवी यांचं आयुष्य समुद्रावर गेलंच, आणि मराठी आरमार त्यांच्याच हातांवर चाललं. मुद्दा वेगळा आहे. इंग्रजी कथेला लागतो तो एकटा, घराणं नसलेला, लुटीच्या वाट्यावर वर चढणारा अधिकारी. आपल्याकडे सरखेल स्वतःच सरदार, आणि तांडेल कितीही शूर असला तरी लुटीचा वाटा त्याला वाड्याच्या पंगतीत बसवू शकत नव्हता. मध्ये जात उभी होती. साहजिकच आपली ऐतिहासिक कादंबरी घोड्यावर बसली आणि गडावर गेली. मनोहर माळगावकरांच्या कान्होजींवरच्या इंग्रजी पुस्तकाचा पु. ल. देशपांड्यांनी मराठी अनुवाद केला, तोही युद्धाचा आणि राजकारणाचा, आणि ते योग्यच झालं.

पण आपल्या किनाऱ्यावर उमराव स्त्रिया आणि परका आरमारी अधिकारी समोरासमोर आल्याचा एक प्रसंग नोंदलेला आहे, विजयदुर्गाचा. फेब्रुवारी १७५६मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी हा किल्ला, म्हणजे इंग्रजांचा घेरिया, घेतला, तेव्हा कान्होजीचा मुलगा तुळाजी आंग्रे पेशव्यांच्या छावणीत गेलेला होता आणि त्याची आई, बायका आणि मुलं किल्ल्यातच होती. आरमाराचा डॉक्टर एडवर्ड आइव्ज याने लिहून ठेवलं आहे की अ‍ॅडमिरल वॉटसन त्यांना भेटायला गेला. तुळाजीची आई म्हणाली, लोकांना राजा उरला नाही, मला मुलगा नाही, सुनांना नवरे नाहीत, या पोरांना बाप नाही. वॉटसनने सांगितलं, यापुढे मला बाप समजा. तेव्हा सहाएक वर्षांचा एक मुलगा रडत पुढे झाला आणि मग तुम्हीच माझे बाप, म्हणत त्याने अ‍ॅडमिरलचा हात धरला. वॉटसनला तोंड फिरवावं लागलं.

वॉटसनचे अश्रू खरे असतील. पण किल्ल्यात सापडलेली सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी मोहिमेतल्या दोस्त पेशव्यांना वगळून आपसांत वाटून घेतली, आणि त्या वाट्याचं प्रमाण मोहिमेवर निघण्याआधीच मुंबईत ठरलं होतं. क्लाइव्हला किती मिळावं यावरून वाद झाला, तेव्हा वॉटसन आपल्या वाट्यातून भर घालायलाही तयार झाला. तुळाजीचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

उद्या कुणी या किनाऱ्यावरची अशी कादंबरी मराठीत लिहायला घेतली, तर घेरियापेक्षाही कुलाब्याचे ते तीन-चार महिने मला जास्त आशेचे वाटतात. सोळा-सतरा वर्षांची गरोदर कैदी, तिची भाषा न समजणाऱ्या आंग्र्यांच्या घरच्या बायका, बाहेर चाललेली घासाघीस, आणि एकीकडे इंग्रजांशी तह करावा की न करावा याचा विचार करणारा सरखेल. यातल्या कुणालाही कुणाच्या प्रेमात पाडायची गरज नाही. कॅथरिन पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मागायला निघाली होती, कान्होजी किनाऱ्यावरचा आपला हक्क वसूल करत होता, आणि मुंबईकर इंग्रज तीस हजार भरावे की नाही याचा हिशेब मांडत होते. कादंबरीला एवढा पेच पुरे आहे.